चुन्याचा जुना गिलावा घरच्या घरी दुरुस्त करताना

पुणे, सातारा, वाई, नाशिक या भागांतल्या जुन्या घरांच्या खालच्या मजल्यावर एक ठरावीक दृश्य दिसते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत गिलाव्याचे पोपडे सुटलेले असतात, भिंतीवर हात फिरवला की रेती गळते, आणि कधीकाळी कमरेपर्यंत दिलेला तेलरंगाचा पट्टा फुगून फाटलेला असतो. त्यावर शेजारीपाजारी आणि कंत्राटदार सहसा एकच उपाय सुचवतात, तो म्हणजे जुने सगळे पाडून सिमेंटने नवा गिलावा करून घेणे. चुन्यात बांधलेल्या भिंतीसाठी हा सल्ला घातक आहे. थोडी चिकाटी आणि पुरेसा वेळ असेल, तर खोलीभर भिंतीची दुरुस्ती घरातली माणसे स्वतः करू शकतात. येथे विटांनी आणि चुन्याने बांधलेली भिंत मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवली आहे; कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्या दगडाच्या घरांना यांतले बहुतेक सर्व लागू पडते.

भारतात पोर्टलँड सिमेंटचे उत्पादन पोरबंदरला १९१४ साली सुरू झाले, आणि गावोगावी ते पोहोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. त्यामुळे शंभर वर्षांहून जुन्या घरात सिमेंटचा गिलावा दिसला, तर तो नंतर कोणीतरी केलेला आहे हे गृहीत धरावे. मूळ भिंतीत पायाखालून, दरजांतून आणि पावसाच्या माऱ्यातून ओल शिरत असे, आणि गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ती वाफ होऊन निघून जात असे. गिलावा भिंतीपेक्षा मऊ असल्याने ओलीबरोबर येणारे क्षार त्याच्यात साठत, कालांतराने तो झडे, आणि त्याच्यामागची वीट शाबूत राही. सिमेंट कडक असते आणि ओलीला फारशी वाट देत नाही. मग ओल सिमेंटच्या वर चढून बाहेर पडते, आणि झीज गिलाव्याची न होता विटांची होऊ लागते. दोन फुटांचा पट्टा सिमेंटने बंद केल्यावर दोन-चार पावसाळ्यांत चौथ्या फुटावर पोपडे सुटतात, ते याच कारणाने. पुढे सांगितलेल्या प्रत्येक कृतीमागे एकच कसोटी आहे: नवा गिलावा भिंतीपेक्षा मऊ असला पाहिजे आणि त्यातून ओल बाहेर पडली पाहिजे.

आधी पाण्याचा माग

ओलीचे कारण दूर केल्याशिवाय गिलाव्याला हात लावणे व्यर्थ आहे. डाग भिंतीच्या वरच्या भागात असतील, तर सरकलेली कौले, तुटलेली पन्हळ किंवा भिंतीला चिकटून गेलेला पावसाळी पाइप तपासावा. डाग खालच्या भागात असतील, तर घराबाहेर जाऊन जोते पाहावे. जुन्या पेठांमध्ये डांबराचे थर एकावर एक चढत गेल्याने रस्ताच जोत्याच्या बरोबरीला आलेला असतो. कित्येक घरांच्या जोत्याला लागून फरशी किंवा काँक्रीट टाकलेले असते, त्यामुळे जमिनीतली ओल मोकळ्यावर न सुटता भिंतीत चढते. शक्य असेल तेथे बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किमान १५० मिमी खाली राहील, पाणी भिंतीपासून दूर वाहील आणि जोत्यालगतची हातभर पट्टी मोकळी राहील, एवढे तरी करून घ्यावे. मोरी किंवा न्हाणीघर पलीकडे असेल, तर गळणारा नळ आणि तुंबलेले गटार यांच्याकडे आधी पाहावे. मोरीपलीकडची ओल ही 'जमिनीतून चढलेली' म्हणून वर्षानुवर्षे सोसली जाते आणि शेवटी कारण एका फुटक्या सांध्यात सापडते, असे पुष्कळदा घडते.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे ठरवायला सोपी चाचणी आहे. फूटभर लांबीरुंदीचा जाड प्लॅस्टिकचा कागद कडेने चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवावा. पाण्याचे थेंब कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला जमले, तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमले, तर खोलीला वारा कमी आहे.

कारण दूर केल्यावरही भिंत लगेच वाळत नाही. दोन फूट जाडीच्या भिंतीला पूर्ण वाळायला वर्ष-दोन वर्षेही लागू शकतात. तेवढे थांबणे व्यवहारात जमत नाही, पण निदान सुटलेला गिलावा आणि तेलरंग काढून एक उन्हाळा भिंत उघडी ठेवावी, आणि काम पावसाळा सरल्यावर, म्हणजे दसऱ्यापासून माघापर्यंतच्या काळात करावे. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत चुना धरण्याआधीच वाळून जातो, आणि भर पावसात तो वाळतच नाही.

हा गिलावा नेमका कशाचा?

सर्वच जुने गिलावे चुन्याचे नसतात. सुटलेला एक तुकडा रात्रभर पाण्याच्या ग्लासात ठेवावा. सकाळपर्यंत तो विरघळून गाळ झाला, तर गिलावा मातीचा आहे आणि वर फक्त चुन्याचा पातळ हात आहे. अशा भिंतीवर चुन्याचा जाड थर टिकत नाही. तेथे भुसा घालून मुरवलेल्या मातीनेच खड्डे भरावेत आणि चुना शेवटच्या पातळ थरापुरता ठेवावा. वरच्या मजल्यावरच्या कच्च्या विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतींत हा प्रकार नेहमीचा आहे. तुकडा शाबूत राहिला, रंगाने पांढरट किंवा किंचित गुलाबी असला आणि नखाने किंवा नाण्याने खरवडता आला, तर तो चुन्याचा. गुलाबी छटा सुरखीची, म्हणजे विटांच्या पुडीची असते. करडा आणि नखाला न जुमानणारा असेल, तर तो सिमेंटचा.

चुन्याच्या तुकड्याचे आणखी एक काम आहे. तो कुटून, व्हिनेगरमध्ये फेस येणे थांबेपर्यंत भिजत ठेवला की चुना विरघळतो आणि तळाशी जुन्या गवंड्याने वापरलेली वाळू उरते. दर दिवशी व्हिनेगर बदलावे लागते, पण वाळूचा रंग आणि दाणा प्रत्यक्ष हाती येतो. नवी वाळू निवडताना ही चिमूटभर वाळू पुडीत बांधून दुकानात न्यावी.

काय काढायचे आणि काय ठेवायचे

बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने भिंत ठोकत जावे. घट्ट भागाचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा बद्द येतो. बद्द भागाच्या कडा खडूने आखून घ्याव्यात. भिंतीपुढे बसून असा नकाशा काढला की काम वाटले होते त्याहून पुष्कळ कमी आहे असे सहसा दिसून येते, कारण पोपडे सुटलेल्या भागाच्या वरचा गिलावा बऱ्याचदा ठणठणीत असतो आणि तो पाडण्याचे काहीच कारण नसते.

काढण्यासाठी लहान हातोडी आणि चपटी छिन्नी पुरते. छिन्नी तिरपी धरावी आणि आतून कडेकडे काम करावे. यंत्राच्या हॅमरने घट्ट गिलावाही हादऱ्याने सुटतो, म्हणून तो या भिंतीजवळ आणूच नये. उरलेल्या गिलाव्याची कड आतल्या बाजूने किंचित कापलेली ठेवावी, म्हणजे नवा गिलावा तिच्याखाली अडकून बसतो. जुना तेलरंग कोरडा घासून काढू नये. जुन्या तेलरंगांत शिसे असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ लहान मुलांसाठी विशेष अपायकारक आहे. रंग ओला करून खरवडावा आणि कचरा बांधून टाकावा.

चुन्याचे अनेक हात खरवडताना मध्येच एखादी लाल-हिरवी रेघ, वेलबुट्टी किंवा आकृती दिसली, तर हातातले काम तेथेच थांबवावे. वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आजही पाहायला मिळतात, आणि इतर घरांतली कित्येक चित्रे नंतरच्या सफेदीखाली गेलेली असू शकतात. ते काम जाणकार संवर्धकाचे आहे.

भेगेची रुंदी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, ती तिरपी धावत असेल, भिंतीला पोट आले असेल किंवा तुळईचे टोक भिंतीत कुजले असेल, तर प्रश्न गिलाव्याचा राहिलेला नाही आणि आधी बांधकाम अभियंत्याला दाखवले पाहिजे. तसेच घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल, किंवा केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या प्रतिबंधित पट्ट्यात असेल, तर दुरुस्तीलाही परवानगी लागते. शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना हा २०१० सालचा कायदा नव्याने सांगायला नको.

चुना

चुनखडी किंवा शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजले की कर्बद्विप्राणिल वायू (कार्बन डायऑक्साइड) निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडले की तो उकळून विरतो. हा विरलेला चुना भिंतीवर लागल्यावर हवेतला तोच वायू पुन्हा शोषून हळूहळू चुनखडीचाच होतो. या शेवटच्या क्रियेला ओलावा लागतो आणि महिने लागतात. कामातली सगळी मंदगती तेथून येते.

कळीचा चुना घरी विरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी उकळून चुना उडतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. ज्यांना ते करावेच लागेल त्यांनी लोखंडी पिंपात आधी पाणी घेऊन त्यात थोडा थोडा चुना सोडावा, चुन्यावर पाणी कधीही ओतू नये. लहान कामाला बाजारातला पिशवीबंद विरलेला चुना पुरतो. पिशवीवर बांधकामाच्या चुन्याचे मानक, म्हणजे आयएस ७१२, छापलेले आहे ना ते पाहावे. या मानकात चुन्याचे वर्ग असतात. 'क' वर्गाचा, म्हणजे सी वर्गाचा पांढराशुभ्र चुना आतल्या गिलाव्याला चांगला. पिशवी ताजी असावी. वर्षभर दुकानात पडलेल्या पिशवीतल्या चुन्याने हवेतला वायू तेथेच शोषलेला असतो आणि त्याची केवळ खडूची पूड झालेली असते.

झाकणाच्या पिंपात पाणी घेऊन त्यात साधारण तेवढ्याच वजनाचा चुना चाळून सोडावा, ढवळावे, आणि वर दोन इंच पाणी राहील असे करून मुरत ठेवावे. चोवीस तास हा किमान काळ झाला. दोन-तीन आठवडे मुरला तर चुना लोण्यासारखा होतो, थापीला चिकटून राहतो आणि पुढे भिंतीवर भेगा कमी पडतात. म्हणून गिलावा काढायला घेण्याआधीच चुना भिजवून ठेवावा. या सर्व कामात रबरी हातमोजे आणि बंद चष्मा घालावा. डोळ्यात चुना गेलाच, तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याखाली वीस मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

वाळू, सुरखी आणि बाकीचे

वाळू टोकदार दाण्यांची, लहानमोठ्या दाण्यांचे मिश्रण असलेली आणि स्वच्छ असावी. मुठीत दाबली की ती करकरली पाहिजे, आणि हात झटकल्यावर तळव्यावर माती राहता कामा नये. खाडीची वाळू क्षारांमुळे वर्ज्य समजावी. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. क्रश सँड चालते, पण तिच्यातली बारीक धूळ धुऊन काढावी लागते.

प्रमाण सहसा एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग वाळू असे सांगतात. हा आकडा पाठ करण्यापेक्षा पडताळून पाहावा. एक लिटरचे भांडे कोरड्या वाळूने काठोकाठ भरावे आणि मोजपात्रातून हळूहळू पाणी ओतत जावे. पाणी वाळूच्या पृष्ठभागावर दिसेपर्यंत साधारण ३०० ते ३५० मिली लागते. दाण्यांमधली ही पोकळी चुन्याने भरून काढायची असते, म्हणून तीन वाळूला एक चुना. पाणी ४०० मिलीच्या पुढे गेले, तर वाळू एकसारख्या दाण्यांची आहे. तिच्यात बारीक वाळू मिसळावी. यावरून माल, म्हणजे चुन्या-वाळूचे मिश्रण, किती लागेल तेही कळते. एक चौरस मीटरवर एकूण २० मिमी जाडीचा गिलावा म्हणजे २० लिटर माल; त्याला सुमारे २० लिटर वाळू आणि ७ लिटर चुना लागतो, कारण चुना वाळूच्या पोकळीत जातो आणि मालाचे आकारमान फारसे वाढवत नाही.

जमिनीलगतच्या ओलसर भागात नुसता चुना फार उशिरा धरतो. तेथे एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू घ्यावी. सुरखी चुन्याबरोबर पाण्याच्या साहाय्याने बांधली जाते, त्यामुळे हवा कमी पोहोचली तरी माल धरतो. मात्र ती मऊ, बेताने भाजलेल्या विटांची असावी. खंगर, म्हणजे फार भाजलेल्या विटांची पूड केवळ लाल वाळू ठरते. पहिल्या थराच्या मालात बोटाच्या पेराएवढे कापलेले तागाचे धागे पिंजून घातले की भेगा आवरतात. धागे गोळे होऊन राहणार नाहीत याची काळजी घ्यावी.

गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी, उडीद यांची नावे या विषयात हमखास निघतात. जुन्या कामांत हे घटक वापरले जात हे खरे, आणि जाणकाराच्या हातात त्यांचा उपयोगही होतो. पण चार-सहा फुटांच्या ठिगळासाठी अंदाजाने गूळपाणी ओतून काही साधत नाही. प्रमाण चुकले तर धरण्याचा वेळ बिघडतो आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच. चांगला मुरलेला चुना आणि स्वच्छ वाळू यांवर भर द्यावा.

पूर्वी माल बैलाच्या घाण्यात मळला जाई. घरी धुण्याची मोगरी किंवा जाड दांडके घेऊन घमेल्यात तो कुटत आणि उलटापालटा करत राहावे. सुरुवातीला माल कोरडा वाटतो आणि पाणी ओतण्याचा मोह होतो, तो टाळावा. पंधरा-वीस मिनिटे कुटल्यावर चुन्यातलेच पाणी सुटून माल मऊ होतो. थापीवर गोळा घेऊन ती उलटी केली तरी तो पडला नाही, म्हणजे माल तयार झाला. बिनसुरखीचा माल प्लॅस्टिकखाली घट्ट झाकून काही दिवस राहतो आणि पुन्हा कुटून वापरता येतो. सुरखीचा माल मात्र त्याच दिवशी संपवावा.

मदतीला गवंडी घेतला असेल, तर कधी ना कधी तो म्हणेल, "साहेब, मूठभर सिमेंट टाकतो, लवकर धरेल." त्याला चहा द्यावा आणि सिमेंटची पिशवी घराबाहेर ठेवावी. एवढ्याशा सिमेंटने बळ येत नाही, चुन्याची छिद्रे मात्र बुजतात आणि क्षार वाढतात. प्लास्टर ऑफ पॅरिसही ओलीच्या भिंतीवर नको.

भिंतीवर

उघडी झालेली वीट नरम कुंचल्याने झाडावी, दरजांतला भुगा पाऊण इंच खोलीपर्यंत खरवडून काढावा. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवावी आणि माल लावण्याच्या अर्धा तास आधी पुन्हा फवारणी करावी. भिंत ओलसर हवी, पण तिच्यावर पाणी चमकता कामा नये. जुन्या गिलाव्याच्या कडाही नीट भिजवाव्यात. नवा-जुना सांधा उघडतो तो बहुधा कोरड्या राहिलेल्या कडेमुळे.

आधी दरजा आणि खोल खड्डे भरून घ्यावेत. एक इंचापेक्षा खोल खड्डा नुसत्या मालाने भरला तर तो आकसतो, म्हणून मालात विटांचे किंवा कौलांचे भिजवलेले तुकडे दाबून बसवावेत आणि दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. त्यानंतर पहिला हात, म्हणजे पहिला थर, थापीने जोराने फेकून लावावा, ते न जमल्यास दाबून सारवावा. फेकलेल्या मालामागे हवा राहत नाही. जाडी १० ते १२ मिमीच्या पुढे नेऊ नये. जाड थर एकदम दिला की तो आपल्याच वजनाने सुटतो किंवा आत कच्चा राहतो.

माल थोडा आवळला, अंगठ्याने दाबल्यावर खळी पडते पण माल अंगठ्याला लागत नाही, अशा वेळी लाकडी पट्टीला ठोकलेल्या खिळ्यांनी त्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढाव्यात. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसल्या तर घाबरण्याचे कारण नाही. किंचित पाणी शिंपडून लाकडी रंध्याने माल पुन्हा दाबून घोटला की त्या मिटतात. हे दाबणे दोन-तीन दिवस करावे लागते, आणि चुन्याच्या कामाची खरी मेहनत येथेच आहे. सिमेंटच्या गवंड्याला एकदा लावून निघून जाण्याची सवय असते, म्हणून नेमके हेच राहून जाते.

थर वाळवायचा नाही, हळूहळू धरू द्यायचा आहे. किमान आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा द्यावा, ऊन किंवा वारा लागत असेल तर भिंतीपुढे ओले गोणपाट टांगावे आणि पंखा बंद ठेवावा. नखाने सहज ओरखडा उठत नाही इतका थर घट्ट झाला की दुसरा हात द्यावा. बिनसुरखीच्या मालाला याला दोन आठवडेही लागतात. घरात दहावीचा विद्यार्थी असेल, तर त्याच्या प्रयोगशाळेतले फिनॉल्फ्थॅलिन येथे उपयोगी पडते: कोपऱ्यातला कणभर गिलावा ताजा मोडून त्यावर थेंब टाकावा. गडद गुलाबी रंग आला तर आतला चुना अजून कच्चा आहे, रंग आला नाही तर तो पक्का झाला आहे.

दुसरा हात बिनधाग्याच्या मालाचा, ८ ते १० मिमीचा असतो. लांब पट्टी जुन्या गिलाव्यावर टेकवून पातळी जुळवावी. जुनी भिंत ओळंब्यात नसतेच, तेव्हा नवे ठिगळही शेजारच्या भिंतीच्या लहरीप्रमाणेच राहू द्यावे. सरळसोट केलेला एक चौकोन खोलीत फार विजोड दिसतो. शेवटच्या थरासाठी जाळीच्या कापडातून गाळलेला चुना आणि बारीक वाळू किंवा संगमरवरी पूड समप्रमाणात घ्यावी. हा थर २ ते ३ मिमीचा असावा. आधी लाकडी रंधा आणि मग, थर आवळल्यावर, थापी किंवा गुळगुळीत दगड फिरवून घोटावा. ओल्या मालावर पोलादी थापी फार घासली तर चुना वर येऊन पृष्ठभाग बंद होतो आणि केसासारख्या भेगा पडतात.

सुटलेला, पण न पडलेला गिलावा

काही ठिकाणी गिलाव्याचा पापुद्रा भिंतीपासून सुटलेला असतो, पण स्वतः अखंड असतो. कोनाड्याच्या किंवा महिरपीच्या कडेला असे आढळले तर तो पाडू नये. बद्द आवाजाच्या भागात खालपासून वरपर्यंत दोन-तीन बारीक भोके हाताने फिरवायच्या गिरमिटाने पाडावीत, आतली धूळ पंपाने फुंकून काढावी, आणि ५० मिलीच्या सुया काढलेल्या सिरिंजने आधी स्वच्छ पाणी सोडावे. पाणी कोठून झिरपते ते पाहून त्या भेगा ओल्या कापसाने बंद कराव्यात. मग गाळलेला चुना आणि बारीक सुरखी समप्रमाणात घेऊन दह्याच्या ताकाइतकी पातळ केलेली रबडी खालच्या भोकापासून वर सावकाश भरत जावी. दट्ट्याला विरोध जाणवला की थांबावे, जोर केला तर पापुद्राच उचलला जातो. भरून झाल्यावर पापुद्र्यावर प्लॅस्टिक, त्यावर जुन्या चादरीची घडी, त्यावर फळी आणि फळीला जमिनीपासून तिरपा टेकू, असे हलक्या दाबाने आठवडाभर ठेवावे. छताच्या गिलाव्यावर हा प्रयोग स्वतः करू नये.

लोणा

लोणा म्हणजे भिंतीवर फुटणारा क्षारांचा पांढरा, केसाळ किंवा मिठासारखा थर. त्याला पाणी लावून धुऊ नये. क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने तो खाली धरलेल्या कागदावर झाडून घराबाहेर टाकावा. क्षार फार असतील, तर कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून उघड्या विटांवर दोन सेंटीमीटर जाड थापावा आणि पूर्ण वाळून आपोआप सुटेपर्यंत राहू द्यावा. वाळताना तो भिंतीतले क्षार आपल्याकडे ओढून घेतो. हे दोन-तीनदा करावे लागते. त्यानंतरही लोणा फुटत राहिला, तर खालच्या पट्ट्याला चुना आणि वाळू एकास चार अशा हलक्या मालाचा गिलावा करावा आणि काही वर्षांनी तो बदलावा लागेल हे मान्य करावे.

रंग

नव्या गिलाव्यावर प्लॅस्टिक इमल्शन, ॲक्रिलिक पुट्टी, ऑइलपेंट किंवा 'वॉटरप्रूफ' म्हणून विकला जाणारा कोणताही लेप देऊ नये. त्याने सगळे केलेले काम वाया जाते. मुरलेला चुना दुधाइतका पातळ करून कापडातून गाळावा आणि भिंत किंचित ओली करून त्याचे चार-पाच पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातामध्ये एक दिवस जाऊ द्यावा. लावताना चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, हे लक्षात न आल्यामुळे लोक तो जाड लावतात आणि मग तो कपड्याला लागतो. रंग हवा असेल तर पिवडी, गेरू किंवा काव ही मातीची रंगद्रव्ये चुन्यात टिकतात. ती आधी पाण्यात भिजवून घ्यावीत. बांधणीसाठी थोडा भिजवलेला डिंक चालतो. सफेदीत मीठ टाकण्याची पद्धत मात्र लोणा असलेल्या भिंतीसाठी सोडून द्यावी.

पहिले वर्षभर कपाटे आणि पलंग या भिंतीपासून तीन-चार इंच दूर ठेवावेत, आणि पहिल्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला भिंत एकदा ठोकून पाहावी. उरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला तर तो वर्षानुवर्षे खराब होत नाही. फक्त पिंपाचे झाकण मुलांना उघडता येणार नाही असे असावे आणि वरचे पाणी आटू देऊ नये.